अंगठा शिकेपर्यंत

अगं, फोटो पाहिला. तेरा फुटी रॉड, त्यावर काळं चकचकीत रीळ आणि मागे तुमच्या केरीच्या फ्लॅटची बाल्कनी. नवऱ्याला न सांगता घेतलंस म्हणतेस, ते तुमचं तुम्ही बघा. मला बोलायचंय ते तू फोटोखाली लिहिलंयस त्याबद्दल: 'ताई, हे लांब कसं टाकायचं तेवढं सांग.' फोनवर सांगितलं असतं, पण तू मधेमधे प्रश्न विचारतेस आणि मुद्द्याचं राहून जातं. म्हणून लिहायला बसले.

लांबचं नंतर बघू. आधी सरळ, मग गुंता न होता, आणि मग लांब. हा क्रम उलटा केलेली माणसं हॅटरस बेटाच्या केप पॉइंटवर दर ऑक्टोबरात दिसतात. भर भरतीच्या वेळी वाळूत गुडघे टेकून तंगूस सोडवत बसलेली असतात आणि मासे शेजाऱ्याच्या गळाला लागत असतात.

तुझ्याकडे आधी होतं ते स्पिनिंग रीळ. त्यात स्पूल जागचा हलत नाही, तंगूस त्याच्या काठावरून वेटोळी सोडत बाहेर पडतं. जॉर्डन लेकवर छोटे मासे गरवायला ते पुरेसं होतं. हे नवं रीळ रॉडच्या वरच्या अंगाला बसतं आणि फेकताना अख्खा स्पूल गरागरा फिरतो. हॅटरसची जुनी माणसं याला धरून आहेत ती हौसेपोटी नव्हे. तिथे टोकाला आठ औंसांचं शिसं लागतं, म्हणजे जवळपास 227 ग्रॅम, आणि वर बोयीचा जाडजूड तुकडा किंवा मेनहेडन माशाचं मुंडकं. स्पिनिंग रिळात हे सगळं ओझं फेकताना तंगूस एका बोटावर अडकवलेलं असतं, आणि ते बोट कापतं. इथे पूर्ण अंगठा स्पूलवर दाबता येतो. शिवाय मोठा मासा पळायला लागला की ओढ सरळ स्पूलवर येते, तंगुसाला काटकोनात वळावं लागत नाही.

आठ औंस कशाला, हा तुझा पुढचा प्रश्न असणारच. बक्स्टन गावाजवळच्या त्या टोकापाशी दक्षिणेकडून येणारा उबदार गल्फ स्ट्रीम आणि उत्तरेकडून येणारं लॅब्रडॉर प्रवाहाचं थंड पाणी यांची गाठ पडते. डायमंड शोल्सच्या वाळूच्या दांड्यांवर पाणी सतत घुसळत असतं. तीन-चार औंसांचं शिसं तिथे ठरत नाही. शेजारच्या चौघांच्या दोऱ्या गोळा करत ते किनाऱ्याला परत येतं, आणि मग जे ऐकून घ्यावं लागतं ते मराठीत सांगण्यासारखं नाही.

आता गुंता का होतो ते ऐक, कारण एवढं कळलं की बाकीचं आपोआप सुचतं. शिसं पुढे जाताना तंगूस ओढतं, तंगूस स्पूलला फिरवतं. पण एकदा फिरायला लागलेला स्पूल शिशाचं ऐकत नाही. हवेत शिशाचा वेग उतरत जातो, स्पूल मात्र आपल्याच नादात असतो. जेवढं तंगूस बाहेर चाललंय त्यापेक्षा जास्त सुटायला लागतं, ते सैल पडून फुगतं, फुगलेल्या वेटोळ्यांत पुढची वेटोळी अडकतात आणि खेळ खलास. तू आकड्यांतली आहेस म्हणून सांगते: स्पूलचा घेर धर साडेपंधरा सेंटीमीटर. शिसं सेकंदाला 30 मीटरनं सुटलं तर स्पूलचे सेकंदाला दोनशेच्या आसपास फेरे होतात, मिनिटाला साधारण बारा हजार. आणि 30 मीटर ही काही पहिलवानाची फेक नव्हे, तुझीमाझीच.

ही तफावत मुख्यतः तीन वेळा पडते. एक, अंगठा उचलल्यावर लगेच, कारण तेव्हा स्पूल सर्वांत जोरात असतो. दोन, वारा समोरचा असेल तर वाटेत. तीन, शिसं पाण्यात पडल्यावर, अंगठा परत टेकवायचा राहिला तर. पहिल्या प्रकाराला सगळे रिळाला दोष देतात. खरं म्हणजे बहुतेक वेळा सुरुवातीला दिलेला हिसका नडलेला असतो. हिसका दिला की अंगठ्याखाली स्पूल निसटतो आणि शिशाला वेग यायच्या आतच तंगूस सुटायला लागतं.

म्हणून फेकण्याआधीचं काम स्वयंपाकघरातल्या टेबलावर करून घे. तंगूस साधं नायलॉनचं घे, 17 ते 20 पौंडांचं. दुकानातला मुलगा विणलेली दोरी गळ्यात मारायला बघेल, घेऊ नकोस. ती बारीक असते, फिरत्या स्पूलवर अंगठा चिरते, आणि गुंता झाला तर कात्रीशिवाय सुटत नाही. स्पूल काठोकाठ भरायचा नाही, काठापासून दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवायचा. भरलेला स्पूल जड होतो, उशिरा थांबतो, आणि कडेची वेटोळी घसरतात. स्पूल दोन्ही बाजूंनी किंचित खुळखुळेल एवढीच फट बाजूच्या चक्रीनं ठेव.

मग पुढची जाड दोरी, तिला इकडे शॉक लीडर म्हणतात. हिच्यात काटकसर करायची नाही, हे मी मोठी बहीण म्हणून बजावून सांगते. हिशेब असा: शिशाच्या प्रत्येक औंसाला दहा पौंड. सहा औंसांना साठ, आठ औंसांना ऐंशी. लांबी एवढी हवी की शिसं फेकण्याच्या जागी लटकलं असतानाही स्पूलवर तिचे सहा-सात वेढे उरले पाहिजेत. फेकीचा सगळा झटका तिनं सोसायचा असतो. ती नसेल आणि 20 पौंडांचं तंगूस मधेच तुटलं, तर पाव किलो शिसं त्याच वेगानं कुठेही जातं. पॉइंटवर माणसं खांद्याला खांदा लावून उभी असतात. एखाद्याच्या डोक्यात बसलं तर जीव जाईल. दोन दोऱ्या जोडणारी गाठ छोटी बांध, आणि गुंडाळताना ती स्पूलच्या अशा कडेला आण जिकडे तुझा अंगठा टेकत नाही. सुटताना ती गाठ अंगठ्याखालून गेली तर कातडीच नेते.

ब्रेकचं काय करायचं विचारशील. दोन तऱ्हा असतात. काही रिळांत स्पूलच्या कडेला खिळ्यांवर छोट्या गुटक्या असतात. स्पूल फिरला की त्या बाहेर सरकून पट्टीला घासतात, आणि वेग दुप्पट झाला तर त्यांचा दाब चौपट होतो. काहींत लोहचुंबक असतात. ते स्पूलला शिवतही नाहीत, पण फिरत्या ॲल्युमिनियममध्ये त्यांच्यामुळे वीजप्रवाह उठतो आणि तोच स्पूलला मागे खेचतो. फोटोवरून तुझं दुसऱ्या तऱ्हेचं दिसतंय, बाजूला आकड्यांची चकती आहे बघ. ती सर्वांत वरच्या आकड्यावर ठेव आणि पहिले काही आठवडे तिथेच असू दे. ब्रेक लावला तर अंतर जातं म्हणून लोक तोऱ्यात तो काढून टाकतात. जे अंतर गुंत्यात जातं त्याचा हिशेब कोण ठेवणार? बेअरिंगमध्ये पातळ तेलही आत्ता घालू नकोस, जरा जाडसर घाल. स्पूल मंद होतो, आणि सध्या मंदच बरा.

(गंमत म्हणून सांगते. ज्या अबू कंपनीची अँबॅसडर रिळं इकडच्या किनाऱ्यांवर जिकडेतिकडे दिसतात, ती स्वीडनमध्ये 1921 साली सुरू झाली ती घड्याळांचा कारखाना म्हणून. टॅक्सीचे मीटरही करायची. रीळ उघडून बघशील तेव्हा ती नजाकत जाणवते. पेन कंपनी मात्र इथलीच, फिलाडेल्फियाची, 1932 सालची. तिची रिळं दणकट, राकट.)

आता रॉड. रागावू नकोस, पण तो तेरा फुटी तुझ्यासाठी नाही. सहा फुटी बाप्यांच्या मापानं केलेला आहे. आठ ते बारा औंसांचा रॉड वाकवायलाच केवढी ताकद लागते, आणि न वाकलेला रॉड म्हणजे नुसती काठी. रॉड वाकून सरळ होताना शिशाला फेकतो, आपण फक्त त्याला वाकवायचं असतं. सरावाला माझा अकरा फुटी घेऊन जा, चार ते सहा औंसांचा. तो तुझ्या हातात वाकतो. आणि एक माप घे: रॉडचा बुंधा काखेत धर, उजवा हात त्यावर सरळ कर. पंजा पोचतो त्याच्या आसपास रीळ हवं. त्याहून वर असलं तर डाव्या हाताला खेचायला जागाच उरत नाही. बहुतेक बायकांची फेक इथे अडते आणि त्यांना वाटतं आपल्या अंगात जोर कमी.

शाळेचं फुटबॉलचं मैदान रविवारी सकाळी रिकामं असतं. गळ लावायचा नाही, नुसतं शिसं. वारा पाठीवर घे. उजव्या अंगठ्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चढव, नखं आदल्या दिवशी कापून ठेव. आधी अंगठा स्पूलवर, मगच स्पूल मोकळा करणारा खटका उघडायचा; उलट केलंस तर शिसं पायावर पडेल. टोकापासून शिसं पाच-सहा फूट खाली सोड. डावा पाय पुढे, समोर रोखलेला, भार उजव्या पायावर. रॉड मागे ने आणि थांब. शिसं झुलत असेल तर झुलणं संपू दे. समोर, पण वर बघ, मैदानाच्या दिव्याच्या खांबाच्या टोकाकडे. खाली गवताकडे बघशील तर शिसंही तिकडेच जाईल.

आणि आता हळू. मुद्दाम जोर देऊन लिहितेय, हळू सुरू कर. आजोळी विहिरीतून भरलेली कळशी काढताना आजी पहिल्यांदा दोर नुसता ताणून घ्यायची, कळशीचं वजन हाताला लागलं की मग ओढायची, अगदी तसंच. रॉडचं टोक मागे वाकलेलं हाताला जाणवलं की मग उजवा हात वर आणि पुढे, आणि डावा हात खाली, बरगड्यांकडे. डावा जोरात. सगळ्यांचं लक्ष उजव्या हातावर असतं, पण टोकाला शेवटचा वेग देतो तो डावा. तो बरगडीला आपटेल इतका खेच. वेग शेवटच्या हातभर अंतरात यायला हवा, त्याआधी नाही. अंगठा तिथे, त्या शेवटच्या क्षणी उचलायचा, रॉड डोक्यावरून पुढे येऊन साधारण समोरच्या झाडांच्या शेंड्यांकडे रोखलेला असताना. मग रॉड तसाच धरून ठेव, खाली आपटू नकोस.

शिसं फार उंच जाऊन जवळच पडलं तर अंगठा लवकर सुटला. वीसेक पावलांवर दणकन आपटलं तर उशिरा. अंगठा ओला असेल तर तो आपोआपच निसटतो, म्हणून खिशात सुकं फडकं ठेव. उचललेला अंगठा लांब नेऊ नकोस, स्पूलच्या जेमतेम वर राहू दे. तंगूस फुगायला लागलं की ते अंगठ्याला हळूच शिवतं. तेव्हा नुसतं टेकवल्यासारखं कर. घट्ट दाबलंस तर तंगूस तुटेल. हे शिवणं ओळखता येणं म्हणजेच सगळं शिक्षण. शब्दांत सांगता येत नाही, हात बसावा लागतो. आणि शिसं जमिनीला टेकायच्या किंचित आधी अंगठा पूर्ण खाली. रात्री शिसं दिसत नाही, आणि मोठे मासे बहुधा रात्रीच लागतात. म्हणून मैदानावरच मनात आकडे मोजायची सवय लाव, कितीव्या आकड्याला पडतं ते.

गुंडाळतानाही अंगठा मोकळा सोडायचा नाही. तुझ्या रिळाला तंगूस सारखं पसरवणारा सरकता काटा नाही. डाव्या अंगठ्यानं ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेत-आणत राहा. मधेच उंचवटा झाला तर पुढच्या फेकीत गुंता ठरलेला. आणि झालाच गुंता, तर कात्री शोधत धावू नकोस. स्पूलवर अंगठा घट्ट दाब, खटका बंद कर, तसाच दाबून हँडल दोन-तीन वेढे फिरव, मग खटका उघडून तंगूस अलगद ओढ. अडकलेलं बरंचसं सुटतं. नंतर ते तंगूस बोटांतून फिरवून बघ. मुरड किंवा खरबरीतपणा लागला तर तेवढा भाग कापून टाक. पुढची फेक तिथेच तुटेल.

डोक्यावरून फेकणं अंगात मुरलं की शिसं मागे गवतावर ठेवून, अंग वळवून फेकायला शिकवेन. त्यात अंतर वाढतं, पण चूकही आडवी होते: उजव्या हातानं टाकणाऱ्याचं लवकर सुटलं तर उजवीकडे जातं, उशिरा सुटलं तर डावीकडे. हॅटरसची माणसं तेच शिसं मागे हवेत झुलवून, पाऊल टाकत वळतात. बघायला देखणं असतं. इंग्लंडात 1970 च्या दशकात पुढे आलेली पेंडुलमची पद्धत यूट्यूबवर दिसेल, गवतावरच्या स्पर्धांत लोक तिनं 250 मीटरच्या पुढे टाकतात. बघ खुशाल, पण गर्दीच्या किनाऱ्यावर तिचं नाव काढू नकोस. त्यांच्या शिशाला आमिष नसतं आणि शेजारी माणूसही नसतो.

किनाऱ्यावरची एक गोष्ट खास तुला सांगते. तू रॉड घेऊन उभी राहिलीस की दहा मिनिटांत कुणीतरी भला माणूस येईल आणि म्हणेल, द्या इकडे, मी टाकून देतो. चांगल्या मनानं म्हणतात ते, मी कुणाला वाईट म्हणत नाही. पण द्यायचा नाही. एकदा दिलास की दिवसभर तू आमिष कापणारी आणि तो टाकणारा. हसून नको म्हण आणि तुझी साठ मीटरची फेक टाक. ती सरळ गेली की कुणी काही बोलत नाही, उलट बाजूला जागा करून देतात. तिथे मान मिळतो तो दुसऱ्याच्या दोरीवरून न टाकणाऱ्याला. टाकण्याआधी मागे बघ, दोन्ही बाजूंना बघ, शेजाऱ्याची फेक होऊ दे, मग आपली. प्रवाह डावीकडून वाहत असेल तर सगळ्यांची शिशी उजवीकडे सरकतात, तेव्हा ओळीनं टाकतात. ती ओळ मोडू नकोस.

आणि साठ मीटर कमी नाहीत हं. दांडा आणि किनारा यांच्या मधे जो खोलगट पट्टा असतो, पाणी जिथे गडद दिसतं आणि लाट फुटत नाही, तिथून मासे फिरतात. कित्येकदा लोक त्यांच्या डोक्यावरून पलीकडे टाकत असतात. वारा समोरून असेल तर उंच टाकू नकोस, ब्रेक तोवर कमी केलेला असेल तर एक आकडा वाढव. गळाची दोरी वीतभरापेक्षा आखूड ठेव, शिशाला अगदी लागून. लांब असली की आमिष हवेत गरगरतं आणि अंतर खातं. आखूड असली की वाकड्या टोकाचा सर्कल गळ माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात लागतो, पोटात जात नाही.

ते महत्त्वाचं, कारण मोठा रेड ड्रम मासा आपण ठेवायचा नसतोच. नॉर्थ कॅरोलायनात 18 ते 27 इंचांमधला, दिवसाला एक, एवढीच मुभा आहे. त्याहून मोठा परत पाण्यात. (खाऱ्या पाण्यातला राज्य-मासा आहे तो, 1971 पासून.) जगातला नोंदलेला सर्वांत मोठा याच बेटावर, एव्हन गावाला 1984 च्या नोव्हेंबरात लागला, 94 पौंड 2 औंस. आपली घोळ आणि ढोमा त्याच्याच कुळातले. नर पोटातल्या फुग्यावर स्नायू आपटून ढोलकीसारखा आवाज काढतो. आईला सांगितलंस तर ती आधी त्या फुग्याचा, म्हणजे भोताचा, भाव विचारेल.

परवाना आधी ऑनलाइन काढून ठेव, सोळा वर्षांपासून पुढच्या प्रत्येकाला लागतो. गाडी वाळूत घालायची असेल तर नॅशनल पार्क सर्व्हिसचा वेगळा परवाना, आणि टायरची हवा 20 पीएसआयपर्यंत उतरवायची. ते नवऱ्याला करू दे, तेवढाच त्याचा राग जाईल.

रविवारी मैदानावर गेलीस की कुणालातरी व्हिडिओ काढायला सांग. समोरून नको, बाजूनं, रॉडचं टोक पूर्ण दिसेल असा, आणि स्लो मोशनमध्ये. फेक किती लांब गेली ते मला कळवू नकोस. टोक कधी वाकायला लागतं आणि डावा हात कधी खाली येतो, एवढं दिसलं की पुढचं बोलू.